युद्ध, निर्वासित आणि मनाचे आरोग्य : वैद्यकशास्त्र काय शिकले?

२०२४ च्या अखेरीस जगातली १२ कोटींहून अधिक माणसे युद्ध, हिंसा किंवा छळामुळे स्वतःचे घर सोडून राहत होती. हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचा आकडा आहे. तो डोळ्यांपुढे आणायचा असेल तर साधारण सगळा महाराष्ट्र घराबाहेर पडला आहे अशी कल्पना करा.

अशा छावण्यांच्या बातम्या आपण पाहतो. तंबू, पाण्याच्या टँकरपुढची रांग, धान्याची पोती. डॉक्टरांना आधी कॉलरा, गोवर आणि कुपोषणाची काळजी वाटते आणि ते योग्यच आहे. पण या माणसांच्या मनाचे काय, हा प्रश्न निघाला की दोन ठरावीक उत्तरे येतात. पहिले, "पोटाला अन्न नाही तिथे मनाचे काय घेऊन बसलात?" दुसरे, "एवढे भोगलेल्या सगळ्यांनाच मानसोपचार लागणार."

दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. दोन्हींमुळे गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ माणसांचे नुकसान झाले आहे. या दोन टोकांमधली वाट वैद्यकशास्त्राला कशी सापडली, तो इतिहास आज तुमच्यासमोर मांडतो. त्यातला एक मुक्काम आपल्या कोल्हापूरजवळ आहे आणि एक गोव्यात.

आधी नाव मिळाले ते सैनिकाच्या दुखण्याला

घरापासून तुटल्याने माणूस आजारी पडतो, हे वैद्यकात पहिल्यांदा नीट लिहिले गेले ते १६८८ साली. बाझेल विद्यापीठातला योहानेस होफर हा तरुण डॉक्टर. परमुलुखात राहणाऱ्या स्विस लोकांना, विशेषतः भाडोत्री सैनिकांना, एक विचित्र आजार होतो असे त्याने प्रबंधात मांडले. झोप जाते, भूक मरते, छाती धडधडते, सतत घराचा ध्यास लागतो. 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने या आजाराचे नाव तयार केले, नॉस्टॅल्जिया. आज आपण हा शब्द जुन्या गाण्यांच्या आठवणींसाठी वापरतो, पण जन्मतः ते एका रोगाचे नाव आहे. होफरचा खरा उपचार एकच होता : रुग्णाला घरी पाठवा.

पुढची सव्वादोनशे वर्षे ओलांडून पहिल्या महायुद्धात येऊ. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'द लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. अंगावर जखम नाही, तरी सैनिकाला दिसेनासे होते, बोलता येत नाही, हातपाय थरथरतात. तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदूला इजा होत असावी असे आधी वाटले. नंतर लक्षात आले की गोळा जवळपास फुटलेला नसतानाही हे घडते. मग आघाडीजवळच, लवकर आणि "तू बरा होणार आहेस" असा विश्वास देऊन उपचार करण्याची पद्धत रूढ झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या सगळ्या खटाटोपाचा हेतू सैनिकाला पुन्हा लढायला पाठवणे हा होता. त्याच युद्धात सुमारे अडीच लाख बेल्जियन नागरिक गाव सोडून एकट्या ब्रिटनमध्ये आले होते. सैनिकाच्या भीतीला आजाराचे नाव होते, डॉक्टर होते, इस्पितळ होते. गाव जळालेल्या बाईच्या भीतीला यातले काहीच नव्हते.

निर्वासितांसाठी जगाने केलेली पहिली मोठी व्यवस्था औषधाची नव्हती, कागदाची होती. फ्रिड्ट्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने १९२२ पासून देश गमावलेल्यांना 'नान्सेन पासपोर्ट' मिळू लागला. मनाच्या आरोग्याशी याचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो संबंध पुढे येईलच.

लंडनच्या पाळणाघरातला धडा

सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या धास्तीने ब्रिटनने काही दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना, त्यातही मुख्यतः मुलांना, शहरांतून खेड्यांत हलवले. गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात पिशवी, आणि अनोळखी घर. जीव वाचवण्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. पण डिसेंबर १९३९ मध्येच जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या तिघांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ला पत्र लिहून इशारा दिला, की लहान मुलांना आईपासून दीर्घकाळ वेगळे ठेवण्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

याच सुमारास अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धग्रस्त मुलांसाठी निवासी पाळणाघरे सुरू केली. अ‍ॅना स्वतः निर्वासितच होती. १९३८ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नातून ती वडिलांसोबत, म्हणजे सिग्मंड फ्रॉइड यांच्यासोबत, निसटली होती. पाळणाघरातल्या मुलांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि त्यातून अनपेक्षित गोष्ट पुढे आली. बॉम्ब पडत असताना आईच्या कुशीत असलेले मूल त्यामानाने सावरलेले असे. सुरक्षित जागी, पण आईविना असलेले मूल मात्र ढासळत असे. कुठे पुन्हा अंथरूण ओले करू लागे, कुठे येत असलेले बोलणे विसरे.

मग काय केले? औषध दिले नाही. चार-पाच मुलांचे छोटे 'कुटुंब' करून प्रत्येकाला एक ठरलेली सांभाळणारी बाई दिली. आईला वाटेल तेव्हा भेटायची मुभा दिली. मुले बदलली. बोल्बी यांनी हा सगळा विचार पुढे नेऊन १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, आणि जगभरच्या अनाथालयांतल्या आणि इस्पितळांतल्या मुलांच्या वॉर्डांचे नियम हळूहळू बदलले. आज आपल्याकडे आजारी बाळाजवळ आईला राहू देतात, त्यामागे त्या काळात जमलेले हे ज्ञानही आहे.

कोल्हापूरजवळचे पोलिश गाव

त्याच वर्षांत आपल्या दाराशी काय चालले होते ते पाहा.

१९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली. १९४१ च्या कराराने त्यांची सुटका झाली, पण तोवर भूक, थंडी आणि टायफसने असंख्य मेले होते. वाचलेल्यांतले पुष्कळजण १९४२ मध्ये इराणमध्ये पोहोचले. तिथून काही भारतात आले. जामनगरचे महाराज दिग्विजयसिंह यांनी बालाचडी इथे पोलिश मुलांना आश्रय दिला, ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. त्याहून मोठी वसाहत होती कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका आणि मुले, कारण पुरुष सैन्यात गेलेले किंवा दगावलेले.

वळिवड्याला बराकी होत्या, पण त्यांत कुटुंबांना वेगळे बिऱ्हाड मिळे. शाळा होत्या आणि शिकवणे पोलिश भाषेत चाले. चर्च होते, इस्पितळ होते, स्काउटची पथके होती, नाटके आणि सण होते. त्या काळी यातल्या कशालाही मानसोपचार म्हटले गेले नाही. पण आजच्या मार्गदर्शक पुस्तिका उघडल्या तर विस्थापित मुलांसाठी नेमकी हीच यादी सापडते : शाळा लवकरात लवकर सुरू करा, मातृभाषा सोडू नका, धार्मिक विधींना जागा द्या, कुटुंबे एकत्र ठेवा, तरुणांच्या हाताला काम द्या. गावच्या घड्याळाप्रमाणे दिवस चालू लागला की मनाचा धागा पुन्हा सापडतो.

म्हणून सगळे गोड झाले असे समजू नका. युद्ध संपले तेव्हा यांचे मूळ गाव सोव्हिएत हद्दीत गेलेले होते. परतायचे तर कुठे? वळिवड्याची माणसे पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. तरी त्यांनी संघटना बांधली, आठवणींचे पुस्तक काढले, म्हातारपणी कोल्हापूरला येऊन गेले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाने स्मारक उभे आहे. उपकार करणाऱ्याला माणूस विसरतही असेल, पण आपल्याला माणूस म्हणून जगू दिलेल्या गावाला विसरत नाही.

फाळणी : ज्या दुःखाची केसपेपरवर नोंद नाही

पोलिश मंडळी गेली आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले. आजचे गांधीनगर ते हेच. कापडाच्या खरेदीला तिथे गेलेल्या किती जणांना ठाऊक असते, की एकाच छपराखाली दोन खंडांतल्या दोन युगांतांची माणसे पाठोपाठ राहून गेली आहेत?

फाळणीने सव्वा कोटीच्या आसपास माणसे उखडली गेली. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. पिंपरी, चेंबूर, शीव कोळीवाडा इथेही वसाहती झाल्या. सरकारने धान्य, निवारा, कर्ज आणि नोकऱ्यांचे पाहिले. मनाचे? त्या काळच्या आपल्या मानसोपचाराच्या लिखाणात या महाप्रलयाविषयी जवळजवळ शांतता आहे.

जी ठळक नोंद आहे ती वेड्यांच्या इस्पितळांची. जमीन, पैसा आणि फायलींप्रमाणे मनोरुग्णांचीही धर्मानुसार वाटणी झाली आणि १९५० मध्ये लाहोर आणि अमृतसर यांच्यामध्ये त्यांची अदलाबदल झाली. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंह' ही कथा याच वास्तवावर उभी आहे.

याच अमृतसरच्या इस्पितळात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी एक साधी गोष्ट केली. कर्मचारी अपुरे होते. त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातेवाईक रुग्णाची सेवा करत, आजार समजून घेत आणि रुग्णाला घरी घेऊन जात. घरच्यांना उपचारात सामील करून घेण्याच्या भारतीय पद्धतीची ही सुरुवात मानली जाते. घरे दुभंगलेल्या प्रांतात उपचाराची रीत घराच्या आधाराने उभी राहिली.

बाकीचे दुःख मात्र बोलले गेले नाही. पळवून नेलेल्या स्त्रियांना शोधून परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. त्यात त्या स्त्रीची स्वतःची इच्छा काय हे विचारण्याला फारसे स्थान नव्हते. काहींना मुले मागे सोडावी लागली, काहींना माहेरने दार उघडले नाही. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांची या स्त्रियांना बोलते करणारी पुस्तके १९९८ मध्ये आली. म्हणजे पन्नास वर्षांनी. संजीव जैन आणि आलोक सरीन या मानसोपचारतज्ज्ञांनी फाळणीच्या मानसिक परिणामांवर संपादित केलेला ग्रंथ २०१८ चा आहे.

"पण ती माणसे सावरलीच ना? धंदे उभे केले, मुले शिकवली," असे आपण म्हणतो. खरे आहे, बहुसंख्य सावरली. माणसाच्या चिवटपणाचा तो मोठाच पुरावा आहे. पण सावरलेला माणूस दिसतो आणि न सावरलेला दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे. वर्षानुवर्षे न बरी होणारी डोकेदुखी, कारण नसताना छातीत धडधड, रात्री दचकून उठणे, दार तीनतीनदा लावून पाहणे. अशी दुखणी बीपी आणि अ‍ॅसिडिटीच्या कागदांत मिसळून जातात.

कंबोडियाच्या सीमेवर

निर्वासितांच्या मनाची मोजमाप करून तपासणी सुरू झाली ती १९८० च्या सुमारास. त्याच वर्षी अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजे पीटीएसडी, हे निदान अधिकृत यादीत घातले. त्यामागे मुख्य रेटा होता व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा. पुन्हा सैनिकच! पण या वेळी नाव नागरिकांनाही लागू झाले.

१९७५ ते ७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत कंबोडियात १५ ते २० लाख माणसे मारली गेली किंवा उपासमारीने मेली. वाचलेले थायलंडच्या सीमेवर आले. नोव्हेंबर १९७९ मध्ये उघडलेल्या खाओ-इ-दांग छावणीत काही महिन्यांतच दीड लाखाहून अधिक लोक झाले. तिथे रेडक्रॉसचे मानसोपचारतज्ज्ञ ज्याँ-पिएर हिगेल यांनी कंबोडियातल्या पारंपरिक वैद्यांना हाताशी धरले. त्यांना जागा दिली, रुग्ण त्यांच्याकडे जाऊ दिले. 'अंगात वारा चढला' असे सांगणाऱ्या बाईला आधी तिच्या भाषेत समजून घेणारा माणूस भेटला.

आपल्याला हे सहज कळावे. आपल्या ओपीडीत तरी "मला नैराश्य आले आहे" असे किती जण म्हणतात? "जीव घाबरा होतो", "पोटात गोळा येतो", "कशात जीव लागत नाही" असेच म्हणतात. दुःख प्रत्येक भाषेत वेगळ्या अवयवातून बोलते. ते ऐकल्याखेरीज कोणती प्रश्नावली भरून उपयोग नाही.

१९९३ मध्ये रिचर्ड मोलिका आणि सहकाऱ्यांनी सीमेवरच्या 'साइट टू' छावणीतल्या ९९३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक लोकांत नैराश्याची लक्षणे होती, पीटीएसडीची सुमारे १५ टक्क्यांत. म्हणजे भूतकाळातल्या भीतीपेक्षा वर्तमानातली हताशा मोठी होती. आणि तरीही ही माणसे घर चालवत होती, मुले सांभाळत होती. पुढच्या विश्लेषणात ज्यांना काम होते आणि ज्यांचे धर्माचरण चालू होते त्यांची स्थिती बरी दिसली.

२००५ मध्ये जगभरच्या निर्वासित अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यानेही तेच सांगितले. छावणीत किंवा संस्थेत कोंडलेले, कमाईची संधी नसलेले लोक जास्त खचलेले होते. म्हणजे युद्धात काय झाले याइतकेच, युद्धानंतर आपण त्यांना कसे ठेवले हेही महत्त्वाचे. आता नान्सेनचा कागद आठवा. ओळखपत्र, कामाचा परवाना, नातेवाइकांचा पत्ता ही मनाच्या आरोग्याची साधने आहेत.

समुपदेशकांचा पूर

१९९० च्या दशकात बोस्नियापासून पुढे उलटा प्रकार सुरू झाला. प्रत्येक युद्धामागोमाग 'ट्रॉमा' प्रकल्प येऊ लागले. परदेशी समुपदेशक, दुभाषी, चार दिवसांचे शिबिर, फोटो, परतीचे विमान. डेरेक समरफील्ड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९९९ मध्ये यावर कडक टीका केली. अख्ख्या समाजाला रोगी ठरवू नका, लोकांना न्याय, जमीन आणि काम हवे आहे आणि तुम्ही त्यांना लक्षणांची यादी देता, असा त्यांचा रोख होता.

याच काळात 'डीब्रीफिंग' नावाचा उपाय फार चालला. आघातानंतर लगेच लोकांना बसवून सगळा प्रसंग बारकाईने बोलायला लावायचा. "मोकळे झाले की बरे वाटते" हे आपल्यालाही पटते. पण तपासणीत ते टिकले नाही. भाजलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत १३ महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी होता, न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यानेही याचा फायदा नाही, कदाचित नुकसानच आहे, असे सांगितले. बोलणे वाईट नाही. ताज्या जखमेवर, परक्या माणसाने, जबरदस्तीने बोलायला लावणे वाईट. कधी, कोणाजवळ आणि किती बोलायचे हे त्या माणसाने ठरवायचे असते.

चार पायऱ्यांचा मनोरा

या सगळ्या अनुभवांतून २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मोठ्या मदतसंस्था यांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा गाभा म्हणजे चार थरांचा मनोरा. तळाचा थर सगळ्यांसाठी, आणि वर जावे तसे कमी लोक.

पहिला थर : सुरक्षितता, अन्न, पाणी, निवारा, आणि ते मान राखून देणे. शौचालयाला आतून कडी आणि वाटेवर दिवा असेल तर बाईची रात्र भीतीत जात नाही. हा मानसिक आरोग्याचाच भाग.

दुसरा थर : कुटुंब आणि समाज. हरवलेल्यांचा शोध, शाळा, अंत्यविधी आणि शोक करण्याची मुभा, बायकांच्या आणि तरुणांच्या बैठका.

तिसरा थर : ज्यांना थोडी जास्त मदत हवी त्यांच्यासाठी प्रशिक्षित, पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांचा आधार.

चौथा थर : गंभीर आजारांसाठी डॉक्टर आणि औषधे.

प्रमाण किती? २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार युद्धग्रस्त भागात साधारण पाचात एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. त्यातले १३ टक्के सौम्य, ४ टक्के मध्यम आणि ५ टक्के तीव्र. म्हणजे पाचातल्या चौघांना रोगी म्हणणे चूक. पण एक लाखाच्या छावणीत ५,००० माणसे तीव्र आजारी असतील, हे विसरणेही चूक.

आणि हे तीव्र आजारी कोण? १५ देशांतल्या ९० निर्वासित छावण्यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या. मन आणि मेंदूच्या तक्रारींसाठी आलेल्यांत सर्वांत मोठा गट अपस्माराचा, म्हणजे फिट येणाऱ्यांचा, होता. त्याखालोखाल सायकोसिस. मदतीला येणारे 'ट्रॉमा'ची तयारी करून येतात आणि दवाखान्यापुढे बसलेली असते फिटच्या गोळ्या संपलेली मुलगी. फेनोबार्बिटोनसारखी गोळी अगदी स्वस्त असते. पण युद्धाने पुरवठा तुटतो, गोळी एकाएकी बंद होते, आणि फिटमागून फिट येऊन जीव जाऊ शकतो. हेच स्किझोफ्रेनियाच्या औषधाचे. माणूस भरकटतो, छावणीबाहेर हरवतो, किंवा घरचे नाइलाजाने बांधून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये छावणीतल्या साध्या डॉक्टरांसाठी पुस्तिका काढली ती याचसाठी. तिथे मानसोपचारतज्ज्ञ नसतो. माझ्यासारखा जनरल डॉक्टर किंवा नर्स असते, आणि त्यांनाच हे जमायला हवे.

शेजारीण हीच समुपदेशक

तिसऱ्या थरासाठी माणसे आणायची कुठून? याचे उत्तर शोधण्यात गोव्याचा मोठा वाटा आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण दिले. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. २०१० मध्ये निकाल आला : सरकारी आरोग्य केंद्रांत अशा कार्यकर्त्यांच्या मदतीने जास्त रुग्ण बरे झाले. गोव्यात युद्ध नव्हते, पण जिथे तज्ज्ञ नाहीत तिथे काय करावे, याला त्यातून बळ मिळाले.

पेशावर इथे हिंसाचाराची झळ बसलेल्या ३४६ प्रौढांवर अशीच चाचणी झाली. अतिफ रेहमान आणि सहकाऱ्यांनी ती २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. आठवड्याला एक अशा पाच बैठका, घेणारे स्थानिक कार्यकर्ते. शिकवले काय? संथ श्वास, सुटण्याजोगा एक प्रश्न निवडून सोडवणे, सुटलेली छोटी कामे पुन्हा सुरू करणे, आणि आपल्या माणसांशी जोडून घेणे. तीन महिन्यांनी चिंता आणि नैराश्य स्पष्टपणे कमी होते. उत्तर युगांडात दक्षिण सुदानहून आलेल्या ६९४ निर्वासित स्त्रियांच्या गटांना ध्वनिमुद्रित धडे आणि चित्रांचे पुस्तक देऊन असाच प्रयोग झाला. तिथेही तीन महिन्यांनी ताण कमी झालेला दिसला.

हे उपाय जादूचे नाहीत. जमीन परत मिळत नाही, मेलेला मुलगा परत येत नाही. पण उद्या सकाळी उठून पाणी भरायचे बळ येते, आणि तिथूनच पुढचे सगळे सुरू होते.

तुमच्यासाठी यात काय?

युद्ध दूर असेल, पण पूर, दंगल, आग यांनी घर गेलेली माणसे तुमच्या आसपास असू शकतात. त्यांच्यासाठी हा इतिहास चार गोष्टी सांगतो.

एक, जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराची तीन क्रियापदे लक्षात ठेवा : पाहा, ऐका, जोडा. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा. तो बोलेल तेवढे ऐका, खोदून विचारू नका. मग त्याला निवारा, दवाखाना, नातेवाईक यांच्याशी जोडून द्या. "विसरून जा", "देवाची इच्छा", "निदान जीव तरी वाचला" ही वाक्ये टाळा.

दोन, पहिले काही आठवडे झोप न येणे, दचकणे, रडू येणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे हे बहुतेकांत दिसते आणि ओसरते. महिन्यानंतरही ते कमी होत नसेल, माणूस रोजची कामे करू शकत नसेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टरकडे न्या. असंबद्ध बोलणे किंवा मरणाची भाषा असेल तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी न्या. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

तीन, घर सोडावे लागलेल्या माणसाच्या नेहमीच्या गोळ्यांची चौकशी आधी करा. फिट, मनोविकार, मधुमेह, रक्तदाब. ही चौकशी हासुद्धा मोठा आधार असतो.

चार, मुलांना शक्यतो आईवडिलांपासून वेगळे काढू नका, आणि शाळा लवकर सुरू करा. छताखाली नसेल तर झाडाखाली.

छावणीतल्या माणसाला आपण विचारतो, "तुमच्यावर काय गुदरले?" ते जरूर ऐकावे, त्याला सांगायचे असेल तर. पण त्याबरोबर आणखी एक विचारावे : "आज तुम्हाला काय अडते आहे?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तुमच्या-माझ्या आवाक्यात असते.